युद्धाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

१९३७ साली व्हेनिस येथे भरलेल्या चित्रपट महोत्सवात ज्या कृतींचा गौरव झाला, त्यांत दोन कृती अशा होत्या की, त्या एका मांडवाखाली आल्या कशा याचे आजही नवल वाटावे. एक ज्याँ रेन्वार या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'ला ग्राँद इल्यूझियाँ'. पहिल्या महायुद्धातील युद्धकैद्यांची ही कथा शत्रुत्वाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारणारी होती. दुसरी कृती म्हणजे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम'. यजमान मात्र मुसोलिनीचे सरकार. आदल्याच वर्षी ॲबिसीनिया गिळंकृत करून बसलेले. आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून देणारा देहूचा वाणी हा फॅसिस्टांच्या दरबारात मानाचा पाहुणा ठरला, ही घटना चित्रपटांच्या इतिहासात एक गंमत म्हणून नोंदविली जाते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला मात्र ती गंमत वाटत नाही. सावकारीची कागदपत्रे बुडविणारा मनुष्य आणि युद्धासाठी कर्ज काढणारे राज्य यांची ती भेट होती.

पुढच्याच वर्षी व्हेनिसचा मुसोलिनी चषक लेनी रिफेनश्टाल हिच्या जर्मन 'ऑलिंपिया'च्या पदरात पडला. तेव्हा लोकशाही राष्ट्रांनी आपला वेगळा महोत्सव भरवावा असे ठरून फ्रान्समधील कान हे गाव निवडले गेले. उद्घाटनाची तारीख होती १ सप्टेंबर १९३९. त्याच पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि महोत्सव गुंडाळावा लागला. तो भरला १९४६ साली. आणि चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला त्यात सर्वोच्च पारितोषिकाचा वाटा मिळाला. सारायेव्होचा महोत्सव तर १९९५ मध्ये शहराला वेढा पडलेला असतानाच सुरू झाला. तात्पर्य, युद्ध, संघर्ष व शांतता या विषयाला वाहिलेले महोत्सव आज ठिकठिकाणी भरतात, त्यांत कोणी नवी टूम काढली आहे असे नव्हे. चित्रपट महोत्सव ही संस्थाच मुळी युद्धाच्या सावलीत वाढलेली आहे.

असे असूनही एक प्रश्न उरतोच. युद्धाचे चित्रपट दाखविण्यासाठी महोत्सवाची गरज काय? बाजारात या मालाचा तुटवडा नाही. १९९७ सालच्या 'बॉर्डर'ने किंवा २०१९ सालच्या 'उरी'ने जमविलेला गल्ला पाहिला तर युद्ध हा मनोरंजनाच्या धंद्यातील खात्रीचा माल आहे, हे कोणीही कबूल करील. मला त्या चित्रपटांविषयी तक्रार करावयाची नाही. सैनिकाच्या शौर्याला प्रेक्षकांनी दाद द्यावी हे स्वाभाविकच आहे. परंतु बाजार जे पुरवितो ते महोत्सवाने पुन्हा पुरविण्यात अर्थ नाही. बाजाराला जे पुरविणे परवडत नाही, ते दाखविणे हे महोत्सवाचे काम. आणि युद्धासंबंधी बाजाराला न परवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा जमाखर्च. तोफ कोणी डागली हे पडद्यावर दिसते. ती कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या ताटातील काढून डागली, हे क्वचितच दिसते.

आमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकात 'तोफा की लोणी' असे एक उदाहरण असते. राष्ट्राजवळची साधने मर्यादित. तोफा वाढविल्या तर लोणी कमी होणार. वर्गात फळ्यावर ती वक्ररेषा काढली की विद्यार्थी ती मुकाट्याने उतरवून घेतात, आणि परीक्षेत जशीच्या तशी परतही करतात. यवतमाळसारख्या जिल्ह्यात लोण्याच्या जागी कापूस लिहावा असे मला नेहमी वाटत आले आहे. कारण या जिल्ह्याचे भवितव्य परक्यांच्या तोफांनी जितके ठरविले, तितके येथील पावसाने तरी ठरविले की नाही, याची मला शंका आहे.

हे विधान अतिशयोक्त वाटेल म्हणून थोडा तपशील देतो. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले ते १८५३ साली, आणि तेही येथे लढाई होऊन नव्हे. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज निजामाच्या खर्चाने पोसली जात होती. तिचा खर्च थकला, कर्ज चढले, आणि त्याच्या फेडीसाठी वऱ्हाडचा महसूल कंपनी सरकारच्या स्वाधीन झाला. फौजेच्या थकबाकीपोटी एक अख्खा मुलूख गहाण पडला. पुढे त्यातील आमचा भाग 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाऊ लागला; यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव झाले १९०५ साली.

त्यानंतर आठच वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी सुरू झाली. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. ज्यांनी अमेरिका नकाशावरही पाहिलेली नव्हती, त्या वऱ्हाडच्या कुणब्यांनी ज्वारीची रानें मोडून कापूस पेरला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेही काही काळाने गुंडाळावी लागली. मुंबईच्या त्या दिवाळखोरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु वऱ्हाडातील रान पुन्हा ज्वारीकडे वळले नाही. १८६६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला गेला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ आले, ज्यावरून पुढे आपली 'शकुंतला' धावली, तेही कापसासाठीच. आणि १८९९-१९०० मध्ये पाऊस दगा देऊन गेला तेव्हा घरात धान्य नव्हते. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झालेले ते युद्ध न्याय्यच होते. त्याविषयी दुमत नाही. न्याय्य युद्धाचेही बिल भलत्याच पत्त्यावर जाते, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

असे बिल पडद्यावर दाखविणारा एक चित्रपट भारतात झाला आहे आणि माझ्या मते तो जगातील उत्तम युद्धपटांपैकी एक आहे. त्यात एकही लढाई नाही. सत्यजित राय यांचा 'अशनी संकेत', १९७३ सालचा. बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळाले. विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. बंगालमधील एका खेड्यात गंगाचरण नावाचा ब्राह्मण येऊन राहतो. तोच गावचा पंतोजी, तोच पुरोहित, तोच वैद्य. शिक्षक वाचकांनी या गृहस्थाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण शिकलेल्या माणसाचा थोडा ढोंगीपणा आणि थोडी माणुसकी यांचे इतके प्रामाणिक चित्र विरळा. युद्ध त्या गावाला दिसते ते एवढेच की, आकाशातून विमाने जातात आणि पोरेबाळे कौतुकाने वर पाहतात. सिंगापूर पडल्याची वार्ता येते. सिंगापूर कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही, खुद्द पंतोजींनाही धड नाही. मग तांदळाचा भाव चढतो. पुन्हा चढतो. एके दिवशी दुकानात तांदूळच नसतो.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा काही टीकाकारांनी आक्षेप घेतला की, दुष्काळाची कथा आणि पडदा मात्र हिरवागार, फुलपाखरांनी भरलेला. हे विसंगत आहे. हा आक्षेप मला नेहमी आश्चर्यकारक वाटतो. रायांनी रान हिरवे दाखविले कारण ते हिरवेच होते. १९४३ चा बंगालचा दुष्काळ पावसाने आणलेला नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात आकडेवारीने दाखवून दिले की, त्या वर्षी बंगालमध्ये धान्याची अशी काही भयंकर तूट नव्हती; युद्धखर्चामुळे भाव भडकले आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांची धान्य विकत घेण्याची ताकदच नाहीशी झाली. सेन यांच्या ग्रंथाच्या आठ वर्षे आधी रायांनी तेच प्रमेय हिरव्या रंगाने मांडले होते. गावातील छुटकी ही बाई मूठभर तांदळासाठी भाजलेल्या चेहऱ्याच्या एका माणसाबरोबर निघून जाते. मोती ही अस्पृश्य स्त्री झाडाखाली भुकेने मरते आणि आजवर सोवळे सांभाळणारा गंगाचरण तिचा हात हातात घेऊन नाडी पाहतो. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. चित्रपटाच्या अखेरीस ५० लाखांहून अधिक असा उल्लेख येतो. या आकड्यांत न्यायनिवाडा करण्याची ही जागा नव्हे. त्यांतील कोणीही युद्धात कामी आलेल्यांच्या यादीत नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे.

आता याच १९४३ सालाकडे दुसऱ्या बाजूने पाहू. त्या वर्षी सरकारने भारत संरक्षण नियमांखाली देशातील प्रत्येक चित्रपटगृहावर सक्ती केली की, युद्धप्रयत्नांना पोषक असे सरकारमान्य बोलपट व वार्तापट प्रत्येक खेळात दाखविलेच पाहिजेत. 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' आणि 'इंडियन न्यूज परेड' ही खाती त्याच कामासाठी उभी राहिली. बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती आणि सरकार दुष्काळ जाहीर करावयास तयार नव्हते. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने ऑगस्टमध्ये छायाचित्रे छापली तेव्हा कोठे जगाला ते कळले. भारतातील अनुबोधपटाचे सरकारी घराणे असे जन्माला आले. १९४६ मध्ये ही खाती बंद पडली; १९४८ मध्ये स्वतंत्र भारताने फिल्म्स डिव्हिजन स्थापिली आणि सक्तीच्या प्रदर्शनाची जुनी चौकट तशीच पुढे चालविली. मुख्य चित्रपटाआधीचा सरकारी वार्तापट सुरू झाला की शेंगदाण्यांची पुडी सोडावी, अशी आमच्या आधीच्या पिढीची रीत होती म्हणतात.

तथापि फिल्म्स डिव्हिजनच्या खात्यावर दोन मोठ्या गोष्टी जमा आहेत, आणि त्या न सांगणे अन्यायाचे होईल. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेला भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव तिनेच आयोजित केला. त्यात युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या इटलीचे 'रोम, ओपन सिटी' आणि 'बायसिकल थीव्हज' हे चित्रपट आपल्याकडील कलावंतांनी पाहिले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' आला. सायकल हरवलेला रोमचा मजूर आणि जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शंभू महतो यांचे नाते उघड आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मुंबईचा अनुबोधपट व लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, जो १९९० पासून भरू लागला. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. महोत्सव चालू राहिला.

याच महोत्सवात २००२ साली आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या अनुबोधपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. ११ मे १९९८ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, पोखरण येथे अणुचाचणी झाली. त्यानंतरच्या भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका या चार देशांतील माणसांचे बोलणे पटवर्धनांनी त्यात नोंदविले आहे. पोखरणजवळचे खेडूत आहेत, हिरोशिमातून वाचलेले वृद्ध आहेत, फटाके उडविणारे तरुण आहेत. आणि येथेच आपल्या प्रशासनाची एक नमुनेदार कथा घडली. सरकारच्या महोत्सवाने गौरविलेल्या या चित्रपटात सरकारच्याच सेन्सॉर मंडळाने २१ ठिकाणी काटछाट मागितली. प्रकरण अपिलात गेले, तेथून उच्च न्यायालयात. एप्रिल २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कात्री न लावता चित्रपट दाखविण्यास परवानगी दिली. एका हाताने पारितोषिक आणि दुसऱ्या हाताने कात्री, ही दोन्ही खाती एकाच मंत्रालयाची!

त्यातून धडा घेतला गेला तो असा की, २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविण्यात आले; परदेशी चित्रपटांना मात्र ते नको होते. शेकडो अनुबोधपटकारांनी विरोध केल्यावर अट मागे घेण्यात आली, परंतु निवडीत अडचणीचे चित्रपट गळाले. गुजरातमधील २००२ च्या दंगलींवरील राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' हा त्यांपैकी एक. तेव्हा फेब्रुवारी २००४ मध्ये प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरला. गिरणगावाच्या त्या भागात, ज्या गिरण्यांना आमचा कापूस जात असे त्यांच्या ओसाड धुराड्यांपासून जवळच, हे चित्रपट विनामूल्य दाखविले गेले. शांततेवरील महोत्सवाला स्वातंत्र्यावाचून अर्थ नाही, हे ठरावाने सांगण्यापेक्षा त्या मंडळींनी पडदा लावून सांगितले.

माझा एक आक्षेप मात्र 'विकल्प'वरही आहे आणि मुंबई-पुण्याच्या सर्वच महोत्सवांवर आहे. जे चित्रपट बिल भरणाऱ्यांविषयी आहेत, ते बिल भरणाऱ्यांच्या गावी जात नाहीत. दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' हा २००९ चा अनुबोधपट घ्या. पत्रकार पी. साईनाथ यांच्याबरोबर तो विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जातो. सम्राट नीरोने बंदिवानांना जाळून आपल्या मेजवानीला उजेड केला, तेव्हा पाहुण्यांना घास कसा गिळवला, असा त्याचा प्रश्न आहे. नंदन सक्सेना व कविता बहल यांच्या २०११ च्या 'कॉटन फॉर माय श्राउड'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोही विदर्भाच्या कापसाचाच. यवतमाळ जिल्ह्यातील किती प्राध्यापकांनी, किती विद्यार्थ्यांनी हे दोन्ही चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिले असतील? कोणी म्हणेल, शेतकऱ्याची आत्महत्या म्हणजे युद्ध नव्हे. तिचा या विषयाशी संबंध काय? शब्दाच्या काटेकोर अर्थाने आक्षेप बरोबर आहे. परंतु ज्या जिल्ह्याची पीकपद्धती एका युद्धाने ठरविली, तेथे 'संघर्ष' या शब्दाची सीमा सीमेवरच आखता येत नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हा मारियुपोल शहराची दशा मस्तिस्लाव चेर्नोव्ह यांच्या 'ट्वेंटी डेज इन मारियुपोल'ने जगापुढे मांडली आणि २०२४ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. आमच्याकडे त्या युद्धाची वर्दी पोटॅशच्या गोणीने दिली. २०२२-२३ मध्ये केंद्राचा खत अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला.

म्हणून माझी सूचना अशी की, युद्ध, संघर्ष व शांतता या विषयावर एक छोटा महोत्सव यवतमाळात भरावा. तीन दिवस, आठ-नऊ चित्रपट. प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांसाठी चित्रपट अधिनियमाच्या ९ व्या कलमाखाली केंद्र सरकार सूट देऊ शकते. अर्ज वेळेवर केला पाहिजे एवढेच. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाशी पत्रव्यवहार करता येईल. महाविद्यालयांची सभागृहे आहेत, प्रक्षेपकही बहुतेक ठिकाणी आहेत. वर्षातून दोनदा पाहुण्यांच्या सत्काराला ते बाहेर निघतात. खर्चाचे मोठे कलम भाषांतराचे. 'अशनी संकेत' बंगालीत आहे, मारियुपोलच्या चित्रपटात इंग्रजी निवेदनाबरोबर युक्रेनियन व रशियन बोलणे आहे. इंग्रजी उपशीर्षके वाचीत चित्रपट पाहण्याची सवय आमच्या सोळा तालुक्यांतील विद्यार्थ्यांना नाही आणि ती नसल्याबद्दल त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. प्रत्येक चित्रपटाआधी एका अध्यापकाने दहा मिनिटे मराठीत कथा व संदर्भ सांगावा. दहा मिनिटेच; अध्यापकांना ही मर्यादा जड जाते हे मी जाणून आहे.

एक चित्रपट मात्र मी आग्रहाने त्यात घालीन, जरी कलाकृती म्हणून तो पहिल्या प्रतीचा नाही. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. त्यातील सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले आणि चित्रपटामुळे घरोघरी पोचले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. ते परत आले. त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही, आणि विदर्भातही त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. जो मेला त्याचे चरित्र होते, जो जखमा शिवून घरी परतला त्याचे होत नाही, ही गोष्ट चित्रपटांच्या धंद्याविषयी पुष्कळ सांगून जाते. त्याच्या जोडीला चेतन आनंद यांचा १९६४ चा 'हकीकत' लावावा. ज्या चीनसाठी कोटणीस मेले, त्याच चीनशी १९६२ मध्ये झालेल्या युद्धाचा हा चित्रपट. आणि तो विजयाचा नसून माघारीचा आहे. या दोन चित्रपटांनंतर चर्चा लांबली तर लांबू द्यावी.

तारखांचा विचारही आताच केलेला बरा. दिवाळीनंतर कापसाची वेचणी असते, घरातील पोरेही शेतावर असतात, मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये येथील ऊन कोणाला सभागृहात बसू देणार नाही. उरतो तो जानेवारीचा शेवटचा आठवडा. ३० तारखेला गांधीजींचा स्मृतिदिन येतो, तो समारोपाला धरता येईल. खेळ दुपारी बाराला सुरू करून साडेपाचला आटोपावेत. नाहीतर पांढरकवडा, उमरखेडकडच्या विद्यार्थ्यांची शेवटची एस.टी. चुकेल.